वेळ संपली तरी

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात ती माझ्या शेजारी बसायची. युसूफ वडगाव या गावची, ऊसतोड कामगारांची लेक. प्रत्येक वाक्याआधी "आता बगा" म्हणायची. वर्ग हसायचा, त्यात मीही, पण तिनं बोली बदलली नाही.

सराव पाठासाठी आम्ही पाली गावच्या शाळेत गेलो होतो; त्या दिवशी पाठ तिचा होता. आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली एक मुलगी वाचायला उभी राहिली, पण तिचं तोंडच उघडेना. पाठ तपासणारे सर म्हणाले, "पुढं चला, वेळ संपतेय."

ती मुलीजवळ जाऊन बसली. "सर, हिला वाचता आलं न्हाई तर माजा पाठ झालाच न्हाई." मग मुलीला म्हणाली, "मी बी उसाच्या फडावरच वाढले, बाई. वाच सावकाश."

मुलीनं अडखळत अख्खी ओळ वाचली.

सरांनी वेळेचे गुण कापलेच. मी मात्र तिथल्या गुरुजींना आपणहून, तिच्याच बोलीत सांगितलं, "ती आमच्या वर्गातली हाय."