आईच्या कुंडीतली घाणेरी

मंडळी, आज आमच्याकडे कायदा चहाला आला होता!

आई आणि बचतगटाच्या बाया सकाळीच सोनाळ्याकडच्या अभयारण्यात घाणेरी उपटायला गेल्या होत्या. बाहेरून आलेलं हे झुडूप गवताला जागाच ठेवत नाही, मग हरणांनी खायचं काय? आई सगळ्यांत पुढे, तोंड आणि कुदळ दोन्ही चालू.

परतताना तिनं वनरक्षकाला आमच्या गावी, वरवटला घरी चहाला आणलं. तो ओट्यावर बसला आणि कुंडीकडे बघून हसायलाच लागला. "काकू, हे तं घाणेरीच हाये!"

आईचा चेहरा उतरला. रंगीत फुलं बघून तिनंच ती नर्सरीतून आणली होती. आमच्या बोरच्या खाऱ्या पाण्यानं गुलाब गेला, मोगरा गेला, ही एकटी फुलली. रोज तिच्याशी गप्पा व्हायच्या. घरातली म्हणून ती आईला कधी घाणेरी वाटलीच नाही.

वनरक्षक म्हणाला, "राहू द्या काकू. कायदा अभयारण्यापुरता हाये, घरच्या कुंडीले कोनी इचारत नाही."

"कायद्याले हद्द असते, बुलबुलले असते काय? इथं फळं खाईन अन् बिया तिकडं टाकीन."

चहा निवायच्या आत आईनं झाड मुळासकट उपटलं. मग पदरानं डोळे पुसत माझ्यावरच ओरडली, "पाहून काय राह्यला बे? दुसरं काही आन!"

तर सांगा, खाऱ्या पाण्यावर फुलणारं आपल्या मातीतलं झाड कोणतं? आई सवयीनं रिकाम्या कुंडीला पाणी घालून बसली आहे.