नेरच्या माळावरची लेक

नेरच्या पुढं एक खडकाळ माळ आहे. तिथं लालीबाईनं आपली लहानगी लेक पुरली होती, आणि दुसऱ्याच सकाळी तिला पुढं चालावं लागलं होतं. लदेणीचा तांडा कुणासाठी थांबत नसे. पाठीवर गोणी लादलेले बैल पुढं, माणसं मागं. जाताना कापूस, येताना मीठ. दर खेपेला माळ आला की लालीबाई लेकीवरच्या दगडांची धूळ पदरानं पुसायची, घटकाभर बोलत बसायची आणि मग धावत तांडा गाठायची. "काय म्हंते पोरगी?" नवरा धावजी विचारायचा. तीही काहीबाही सांगायची. एवढ्या येरझारांवर ती बाई जगत होती.

मग विलायतेत कापसाची चणचण पडली. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बैलांच्या पाठी सोलून निघाल्या. ती धामधूम चार वर्षांत ओसरली, भाव कोसळले, आणि उरलासुरला कापूस अमरावतीकडं आलेल्या आगगाडीनं ओढून नेला. तिच्यापुढं बैलांचं काय चालणार? भावसिंग नायकानं सांगून टाकलं, "हे शेवटची खेप. आता कुठंतरी बूड टेकू, वावर करू."

कुठं, ते ठरवणार होता तांड्याचा पुढचा बैल. तो देवाला सोडलेला. त्याच्यावर ओझं नाही, त्याला कुणी हाकायचं नाही. तो आपणहून बसेल आणि दिवस मावळेपर्यंत उठणार नाही, तिथं वस्ती. मधेच उठला, तर त्या जागेचं पुन्हा नाव काढायचं नाही.

परतीच्या वाटेवर भर दुपारी बैल बसला तो नेमका त्याच माळावर. लेकीच्या शेजारी घर! पण सुख असं दाराशी आलं की माणसाला धीर निघत नाही. तो उठला तर? बैलाला मिठाची भारी आवड. माणसं झाडाखाली कलंडलेली पाहून तिनं गोणीतलं मीठ ओंजळीनं त्याच्यापुढं धरलं. त्यानं चाटून संपवलं. तिनं आणखी दिलं, आणखी दिलं. जन्मभर गुरं राखलेली बाई, पण त्या घडीला तिनं अक्कल गहाण ठेवली होती.

ऊन कलताना बैलाला तहान लागली. तिनं आपली घागर त्याच्यापुढं परातीत रिकामी केली. ते पाणी त्यानं बघता बघता संपवलं, नाक वर करून वारा हुंगला, उठला आणि दूरच्या ओढ्याकडं चालू लागला. दिवस अजून कासराभर वर होता.

"देव नाई म्हनते," नायक म्हणाला. गोणी पुन्हा चढल्या. देवाच्या बैलाला आपण भुलवलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? लालीबाई तांड्यामागं चालू लागली.

तांडा वसला तो पार महागावच्या बाजूला. तिथं लालीबाईनं कापूस वेचला, मुलं वाढवली, म्हातारी झाली. नेरची वाट कायमची बंद झाली. कामातून सवड मिळाली की ती उत्तरेकडं तोंड करून बसायची. धावजी जवळ येऊन समजूत घालायचा, "कायले जीव जाळून राह्यली? तिथं राहाचं देवाच्या मनातच नोतं."

देवाच्या मनात होतं. ते एकट्या तिला ठाऊक होतं, आणि मरेपर्यंत तिनं ते कुणाला सांगितलं नाही.