घरी राहिलेलं जुज

ग्रंथालयातले लोक माझ्या भाऊजींना ‘दर्यावर्दी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि भाऊजी खूश होतात. टिंगल ओळखायलाही थोडी अक्कल लागते. परवापरवापर्यंत या माणसाने समुद्र पाहिला होता तो फक्त पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, आणि तोसुद्धा खळीचं बोट पुसता पुसता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. धंदा पुस्तकबांधणीचा. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं घरी आणायची, उसवायची, पुन्हा शिवायची आणि पुठ्ठा चढवून परत द्यायची. हात चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकीवर एक रचून शिवलेल्या असतात. अशा एका घडीला जुज म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण आमच्या सगळ्या सहलीचं मातेरं त्यावरून झालं.

खजिन्याच्या शोधाची एक मालिका आहे, सतरा भागांची. नायक अर्धा इतिहासाचा प्राध्यापक आणि अर्धा खलाशी. दर भागात एखादा मेलेला राजा किंवा समुद्री चाचा, एक फाटकं पत्र, पहिल्या पानाला चिकटवलेला घडीचा नकाशा आणि तीन-चार देशांचा प्रवास. शेकडो वर्षं कुणालाही न सापडलेली कळ नायकाला बरोबर शेवटून दुसऱ्या प्रकरणात सापडते. मालिका वाईट नाही. मी तीन भाग वाचले आहेत, आणि त्यातलं बुडालेल्या बंदराचं प्रकरण दोनदा वाचलं. पुस्तकांवर माझा राग नाही. माझा राग आहे तो वाचून फुगणाऱ्यांवर.

ही मालिका इतकी वाचली जाते की तिचा एक ना एक भाग कायम भाऊजींकडे दुरुस्तीला असतो. आणि भाऊजींची पद्धत अशी, की खजिना कुठे आहे हे स्वतः ओळखल्याशिवाय शेवटचं जुज शिवायला द्यायचं नाही. ते दाबयंत्राखाली दडवून ठेवायचं. प्रत्येक भाग चार-चार वेळा वाचून झाला तरी हाच नेम. म्हणे दर वेळी नव्याने ओळखायचं असतं!

एकदा ग्रंथपालबाई स्वतः घरी आल्या. मी तिथेच होतो.

“अहो, आठव्या भागासाठी बावीस वाचक खोळंबलेत,” बाई म्हणाल्या.

“शेवटचं जुज बाकी आहे. दोरा सुकायला हवा.”

“दोरा सुकतो?”

“मेणाचा असतो ना,” भाऊजी न हसता म्हणाले.

आतल्या खोलीतून ताईचं हसू ऐकू आलं. दोऱ्याला मेण लावायचं काम तिचंच. दोरा सुकत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

कारण शिवण सगळी ताईची. दाभणाने भोकं पाडायची, सुई ओवायची, जुजाला जुज जोडत जायचं. जेवणं आटोपली की दुपारभर ती शिवते आणि भाऊजी समोर आरामखुर्चीत बसून मोठ्याने वाचतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातली वीस या मालिकेची. सतराच्या सतरा भाग ताईने ऐकले आणि शिवले आहेत. भाऊजींना मात्र वाटतं की वाचक ते एकटेच.

तर नववा भाग. त्यातला बुरूज खरा आहे. चार तासांच्या बसप्रवासावर एक जुनं बंदर आहे, तिथल्या टेकाडावर तो अजून उभा आहे आणि तिकीट काढून वर जाता येतं. हे ताईला कळलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली, असं तीच सांगते.

“अहो, जाऊ या ना एकदा. वरून तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो म्हणे.”

“जायचंच,” भाऊजी म्हणाले. “पण नीट तयारी करून.”

या तयारीला अकरा वर्षं लागली. पहिल्या वर्षी त्यांनी होकायंत्र आणलं आणि लोखंडी दाबयंत्राच्या वर खिळ्याला टांगलं. ते बिचारं उत्तर दिशा सोडून कायम दाबयंत्राकडे बघत राहिलं. भाऊजींनी त्यावरून निष्कर्ष काढला की घराचं दार पूर्वेला आहे. ते दक्षिणेला आहे. मग वह्या झाल्या. बंदराचा इतिहास, वाऱ्यांच्या दिशा, नायक कुठल्या पायरीवर थांबला, कुठे त्याने मागे वळून पाहिलं. सात वह्या भरल्या. मग चौदाव्या भागात नायक पुन्हा त्याच बंदरात येतो, म्हणून चौदावा भाग निघेपर्यंत थांबायचं ठरलं. तो निघाला. मग उन्हाळा फार होता. मग गार वारा फार होता. आमच्या आळीतला शिंपी, जो कधी कुणाला वाईट बोलत नाही, तोही एकदा म्हणाला, “तुमचे भाऊजी उंटावरचे शहाणे. फक्त उंट नाही.”

आणि या वर्षी ताईचे गुडघे गेले. दोन्ही. डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरला आणि सरळ सांगितलं, “जिने चढायचे असतील ते यंदा चढून घ्या. पुढच्या वर्षी मी परवानगी देणार नाही.”

ताई घरी आली. नेहमीसारखी शिवायला बसली. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “त्या बुरुजाला पायऱ्या खूप आहेत रे.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळी अकराच्या बसची तीन तिकिटं आणून भाऊजींच्या हातात ठेवली. माझ्या नोकरीत वेळापत्रक पाळावं लागतं. गोदामातला माल ठरल्या तारखेला हलला नाही तर कुणीतरी जाब विचारतं. भाऊजींना आजवर कुणी जाब विचारला नव्हता. तिकिटावर तारीख बघून त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला.

“इतक्या घाईने?”

“अकरा वर्षं झाली, भाऊजी.”

“सातवी वही अपुरी आहे.”

“बसमध्ये पुरी करा.”

बसमध्ये त्यांच्या हातात वही नव्हतीच. पाठकोऱ्या कागदात गुंडाळलेली तीन जुजं होती. नववा भाग जाडजूड, तो कशाला उचलून न्यायचा? म्हणून त्यांनी ग्रंथालयाची प्रत उसवून फक्त बुरुजाच्या प्रकरणाची जुजं आणली होती. हे त्यांनी मला इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू नायकालाही ही युक्ती सुचली नसती. दुसऱ्यांचं पुस्तक आहे हो, मी म्हणालो. परत शिवता येतं, ते म्हणाले. शिवणार कोण, हे मी विचारलं नाही. ताई खिडकीतून बाहेर बघत होती.

समुद्र दिसायला लागला तेव्हा ताईने माझं मनगट धरलं. भाऊजी वाचत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी मान वर केली, एकदा पाहिलं, “हा पूर्वेचा किनारा, महत्त्वाचा नाही,” असं म्हणून पुन्हा पानात मान घातली.

बुरुजाच्या दाराशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दाराशी पत्र्याच्या टपरीत तिकीटवाला बसला होता. त्याने पाटीकडे बोट केलं: चारनंतर वर जाता येणार नाही.

“लगेच निघा,” तो म्हणाला. “मावशी, सावकाश गेलात तरी पोचाल. पण आत्ता निघा.”

भाऊजींनी हात वर केला. “थांबा. क्रमाने जायचं.”

क्रमाने म्हणजे असं: नायक दाराशी येतो, सावलीची लांबी पावलांनी मोजतो, मग डाव्या भिंतीवरची खूण शोधतो, मग पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. भाऊजींना ते जागेवर, एकेक ओळ वाचत, तसंच करायचं होतं. त्यांनी सावली मोजली. खूण शोधली. ती सापडली नाही, तरी सापडल्यासारखं भिंतीवर बोट फिरवलं. वीस मिनिटं गेली. ताई दगडावर बसून गुडघे चोळत होती. टपरीतला माणूस आता उघड हसत होता.

मग भाऊजींनी शेवटचं पान उलटलं आणि थांबले. पुन्हा उलटलं. कागदाची गुंडाळी झटकून पाहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“पुढचं जुज नाही.”

नायकाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. भाऊजींनी घरी जुजं हाताने मोजून काढली होती. पण पुस्तकाच्या सुरुवातीचं, नकाशाचं जुज त्यांनी स्वतःच मागच्या बांधणीत वेगळं जोडलं होतं, आणि मोजताना तेही धरलं. त्यामुळे सगळं एकाने सरकलं. चाळीस वर्षं ज्याने जुजं मोजण्याचाच धंदा केला, त्याची चूक झाली ती नेमकी जुजं मोजण्यात! बुरुजाच्या जिन्याऐवजी त्यांच्याकडे होतं आधीच्या प्रकरणाचं जुज, ज्यात नायक सोळा पानं वाळवंटातून चालतो.

“बरं, चला वर,” मी म्हणालो.

“कसं जाणार? पुढचं वाचलं नाही.”

“पाठ आहे तुम्हाला!”

“पाठ असणं वेगळं. दुसऱ्या वळणावर तो डावीकडे बघतो की उजवीकडे? पायऱ्या एकशे चौतीस की एकशे त्रेचाळीस? सगळं कोडं त्या आकड्यावर आहे. अंदाजाने गेलो तर मजाच गेली.” मग अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखं म्हणाले, “आपण परत येऊ. पुढच्या खेपेला अख्खा भाग आणू.”

मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मी गेलो नाही, कारण तेवढ्यात ताई उठली.

“पुढची खेप नाही,” ती म्हणाली.

“अगं, पुस्तकाशिवाय...”

“तुम्ही बसा. पुस्तक सांभाळा.” तिने पदर खोचला आणि तिकीटवाल्याला विचारलं, “दादा, कुलूप लावायला अजून वेळ आहे ना?”

“बारा मिनिटं. पण मावशी, चारच्या आधी आत शिरलात की झालं. उतरेपर्यंत मी थांबतो.”

ती निघाली. मी मागे. जिना अरुंद होता, कडेला दोरखंड बांधलेला. ताई एका हाताने दोर धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होती आणि मोठ्याने मोजत होती. चाळिसाव्या पायरीला तिने थांबून भिंतीला डोकं टेकवलं. मी म्हणालो, परत जाऊ या. ती म्हणाली, “गप बस. चाळीस विसरायला होईल.” दुसरं वळण आलं तेव्हा तिने उजवीकडे बोट केलं. “इथे तो खिडकीत बघतो आणि त्याला शत्रूची होडी दिसते. उजवीकडे. यांना दर वेळी डावीकडे वाटतं.” खिडकी उजवीकडेच होती. ताईने त्यातून वाकून पाहिलं. “होडी आहे रे,” ती म्हणाली. मासेमारीची होती.

ऐंशीच्या पुढे ती बोलायची बंद झाली. फक्त आकडे. शंभरानंतर तेही पुटपुटणंच. मी मागून हात धरून होतो, पण तिने भार एकदाही माझ्यावर टाकला नाही.

वर पोचलो. तिन्ही बाजूंना समुद्र होता, म्हणजे पुस्तकातलं तेवढं खरं निघालं. वारा असा होता की ताईचा पदर सुटला आणि माझा चष्मा सांभाळावा लागला. ती कठड्याला धरून उभी राहिली.  सुटलेला पदर तिने पुन्हा खोचला. मग वाऱ्यावर ओरडून म्हणाली, “सतरा भाग शिवले मी. एकातही लिहिलेलं नाही, की इथे इतका वारा असतो!”

आणि हसली. ताईला असं हसताना मी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिकीटवाला खरंच थांबला होता. त्याने ताईसाठी टपरीतली खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. भाऊजी दगडावर बसून वाळवंटाचं जुज वाचत होते. आम्हाला बघून ते लगबगीने उठले. समुद्र कसा होता, गुडघे कसे आहेत, यातलं काही नाही. पेन काढलं, हाताच्या तळव्यावर टेकवलं आणि म्हणाले,

“पायऱ्या किती निघाल्या? चौतीस की त्रेचाळीस?”

मी तोंड उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंतचे आकडे माझ्या कानांनी ऐकले होते. ताईने माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

“पुढच्या जुजात असेल,” ती म्हणाली. “घरी जाऊन वाचा.”

भाऊजींनी मान डोलावली. “हो, तेच बरं,” असं म्हणून पेन खिशात ठेवलं आणि बसकडे निघाले.

नववा भाग अजून ग्रंथालयात परत गेलेला नाही. ग्रंथपालबाई दोनदा येऊन गेल्या. तो उसवलेला आहे, आणि ताई सांगते, हा भाग मी शिवणार नाही, ज्यांनी उसवला त्यांनी शिवावा. भाऊजींना सुईत दोरा ओवता येत नाही.