पिवळा दिवा विझेपर्यंत

बाबांची सगळी नोकरी रेल्वेत ब्रेक तपासण्यात गेली. त्यांनी डब्यांखाली वाकून बघितल्याशिवाय आणि 'फिट' म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. निवृत्तीनंतर जयपुरातच, खातीपुऱ्यात घर घेतलं, दारात एक जुनी मोटार आली. नियम मात्र तोच राहिला.

त्या हिवाळ्यात मोटारीतला एबीएसचा पिवळा दिवा पेटला आणि विझेचना. मेकॅनिक म्हणाला, "अंकलजी, ब्रेक तो चल रहे हैं. बस अचानक दबाओगे तो पहिए जाम हो सकते हैं. आराम से चलाओ." बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन चाकांपुढे विटा लावल्या.

नेमकं तेव्हाच अजमेरच्या मावशीने अंथरूण धरलं. आईची एकुलती बहीण. दोघी अकोल्याच्या, दोघींचे नवरे रेल्वेत, म्हणून दोघी राजस्थानात. आईच्या कमरेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. रेल्वेत तिला बसवलं नसतं; मोटारीत मागच्या सीटवर आडवं होऊन जाता आलं असतं. दोन-अडीच तासांचा तर रस्ता.

"मले एकदा तिले पाहू द्या," आई म्हणायची.

"दिवा लागेल असताना तुले घेऊन हायवेवर जाऊ काय? पार्ट येऊ दे."

मी टॅक्सीचं काढलं, तर आईच म्हणाली, "राहू दे. त्याईले वाईट वाटीन." मला दोघांचाही संताप आला.

दिल्लीहून एबीएसचं नवं कंट्रोल युनिट मागवलं होतं; ते आलं, पण त्यावरचा नंबर जुन्याशी जुळला नाही. ते परत गेलं. दुसऱ्याची वाट बघत असतानाच एका सकाळी मावसभावाचा फोन आला. मावशी गेली.

बाबा अंगणात गेले. विटा बाजूला केल्या, आईला मागे निजवलं आणि पेटलेल्या दिव्यासकट मोटार हायवेला लावली. मी शेजारी बसले होते. टोलनाक्यावर, म्हशींच्या कळपापुढे, जिथे पाय दाबला तिथे मोटार गुमान थांबली. थांबली की मला रडू यायचं. आईने मागून एकदाच विचारलं, "दिवा लागेलच हाये ना अजून?"

बाबा "हो" म्हणाले.

तेरावं झालं आणि युनिट आलं. वरातीमागून घोडं, पण तोंडावर म्हणवेना. बाबांनी अंगणात बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची तार काढली, मग पंपाला चिकटलेल्या काळ्या डब्याचा, म्हणजे जुन्या युनिटचा, रुंद प्लग, मग त्याचे बारीक स्क्रू. ते एका जुन्या रुमालावर ओळीने मांडले. जुना डबा निघाला, नवा बसला. ब्रेक ऑइलच्या नळ्यांना हातही लावावा लागला नाही. काम तासाभराचंच होतं, पण स्क्रू पुन्हा पुन्हा बोटांतून निसटत होते.

किल्ली फिरवली. दिवा क्षणभर पेटला आणि विझला.

हात न धुताच बाबा आईच्या पलंगाशी गेले. "विझला," म्हणाले. "गाडी फिट हाये आता."

आईने त्यांच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"आता कुठी जाचं?"

बाबा बाहेर गेले आणि त्यांनी चाकांपुढे परत विटा लावल्या.