आधी बँड, मग नवरदेव

आमच्या साडूंइतक्या लग्नांना गेलेला, आणि तरीही एकाही नवरा-नवरीचं तोंड न पाहिलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ते लग्नाला जात ते बँडसाठी. लग्न कोणाचं, कुठल्या गावचं, आमंत्रण आहे की नाही, या गोष्टी त्यांच्या दृष्टीनं किरकोळ होत्या. देऊळघाटला त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. तिथं पाणी देता देता वाऱ्यावर ढोलाचा आवाज आला की दांडातलं पाणी तसंच सोडून गडी रस्त्याला लागायचा. पिशवीत एक नारळ कायम तयार असे. तो नवरदेवासाठी नव्हता, क्लार्नेटवाल्यासाठी होता. वाजवणं पसंत पडलं तर नारळ देऊन यायचे, नाही तर तोच नारळ परत आणून पुढच्या लग्नापर्यंत जपून ठेवायचे. माझ्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला एकदा सांगितलं, की एक नारळ सबंध वैशाख फिरून आला आणि शेवटी आतून वाळून खुळखुळ वाजायला लागला. त्यावर साडूंचं म्हणणं, "त्या सगळ्या बँडायपेक्षा हा नारळ बरा वाजते."

मी पडलो तहसील कचेरीतला कारकून. संगीतातलं मला एवढंच कळतं, की ते सुरू झालं की बोलता येत नाही आणि थांबलं की पंगत बसते. माझा छंद याद्यांचा. बाजाराची यादी, कोणाला पत्र पाठवायचं त्याची यादी, एवढंच काय, हरवलेल्या छत्र्यांचीही एक यादी माझ्या वहीत आहे. त्यामुळे नात्यातल्या कुठल्याही लग्नात यादी लिहायला मला बोलावत आणि बँडवर नजर ठेवायला साडू आपण होऊन येत.

बँडबद्दलची त्यांची मतं पक्की होती आणि ती ते कोणालाही, कुठेही सांगत. पहिलं म्हणजे नऊ माणसांखाली बँड होत नाही. आठ असले तर ती नुसती माणसं. कोट उसवलेला चालेल, टोपी तिरपी चालायची नाही. क्लार्नेटवाला अंगानं भरलेला पाहिजे, कारण "बारक्या माणसाचा दम अर्ध्या गल्लीतच सरते." नवरदेवाचा घोडा थांबला म्हणून जो बँड थांबतो तो गड्यांचा बँड, आणि बँड थांबला म्हणून जिथे घोडा थांबतो तो खरा बँड. असा खरा बँड त्यांच्या मते पृथ्वीवर एकच होता आणि तो नांदुऱ्याला होता. स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचे मास्तर राहत. साडू मोटारी बदलत नांदुऱ्याला जायचे, मास्तरांच्या ओट्यावर बसून त्यांची तालीम ऐकायचे, त्यांना टोपलीभर वांगी द्यायचे आणि संध्याकाळी देवदर्शन करून आल्यासारखे परत यायचे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि नव्या पैशांचा हिशेब बाजारात अजून बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडला नव्हता. साडूंना ती अडचण कधी आली नाही. त्यांच्याजवळ स्वतःचं नाणं होतं आणि ते म्हणजे नांदुऱ्याचा बँड. मी नवी सायकल घेतली तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "म्हंजे पाऊण बँड गेला म्हणा!" शेजाऱ्याची बैलजोडी त्यांच्या हिशेबानं तीन बँडांची होती आणि "तीन बँडाचे असून एकालेही ताल नाही." पैसा साठवणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव येई. गावातल्या एका सावकाराच्या घरी तीन मुलींची लग्नं नुसत्या सनईवर उरकली, तेव्हा त्यांनी त्याच्या दारावरून जाणंच सोडलं. मळ्यात जायला लांबचा वळसा पडे, तो त्यांनी पत्करला.

लोक वेळ कसा घालवतात हेही त्यांना कोडंच होतं. पत्ते का खेळतात? "चार माणसं बसतात अन् एकही वाजवत नाही." तंबूतला सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला, तोही डोळे मिटून, कारण मधे एक वरात होती आणि पडद्यावरचे लोक तीत फार बोलत होते. माझ्याकडे रेडिओ आला तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना बोलावलं. थोडा वेळ ऐकून त्यांनी रेडिओची मागची बाजू पाहिली. म्हणाले, "साडभाऊ, वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले दिसत नाही, तर मंग त्याले आयकणं कसं म्हणाव? हे म्हंजे जेवणाचा नुसता वास घेणं झालं."

हा नाद त्यांच्या बैलांनाही लागला होता. एकदा बुलढाण्याच्या बाजाराला वांगी घेऊन येताना वाटेत एक वरात लागली. बँड बरा होता. साडूंनी कासरा ओढला नाही आणि बैलांनीही त्याची वाट पाहिली नाही. गाडी सरळ वरातीच्या मागं लागली ती मारुतीच्या देवळापर्यंत. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचे कोणी मातब्बर गाडीनं आले आहेत. नवरदेवाकडच्यांना वाटलं हे नवरीकडचं भाजीचं सामान. पहिल्यांनी साडूंना टिळा लावून फेटा बांधला, दुसऱ्यांनी वांगी उतरवून आचाऱ्याच्या हवाली केली. संध्याकाळी साडू गुलाबी फेट्यात, रिकाम्या गाडीतून घरी आले. मेहुणीनं विचारलं, "वांग्यायचं काय झालं?" साडू म्हणाले, "वांगी सोड. ढोलवाला काय होता, वाऽ!"

अशा माणसाला एकच मुलगी, कुसुम. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून वराती पाहत असे आणि ढोलाबरोबर बापाच्या डोक्यावर दोन्ही हातांनी ठेका धरत असे. ती सातवी पास होऊन घरी बसली आणि दोन वर्षांनी एका सकाळी साडू माझ्याकडे आले, ते इतके खुशीत, की चहा न मागता पाणीच दोनदा प्याले.

"साडभाऊ, वहीत लिहा. कुसुमचं लगन ठरलं. वैशाख वद्य पंचमी."

मी वही काढली. तारीख लिहिली. "नवरदेवाचं नाव?"

"ते पाहू ना मंग."

"म्हणजे?"

"नांदुऱ्याच्या बँडाले इसार देऊन आलो. पुढच्या वैशाखात मास्तरांजवळ तेवढा एकच दिवस रिकामा होता. नवरदेव काय, सापडन. नवरदेव ढिगानं हायत गावोगाव. नांदुऱ्याचा बँड येकच हाय!"

मी नवरदेवाची जागा मोकळी सोडली. अशी यादी मी त्याआधी कधी केली नव्हती.

पुढं आठ-नऊ महिने साडू मुलगा पाहायला जात आणि गावाच्या नावाआधी तारीख सांगत. "वद्य पंचमीले रिकामा हाय का तुमचा पोरगा?" असं विचारल्यावर दोन घरांतून त्यांना चहासुद्धा मिळाला नाही. पण नशीब चांगलं. मेहकरकडच्या एका गावातला शाळामास्तर मुलगा आला. शांत, हसरा, जमीन बेताची, नोकरी कायमची. तो कुसुमला पाहून गेल्यावर तिनं माझ्या बायकोचा हात धरून सांगितलं, "मावशी, काही कर, पण हे स्थळ जाऊ देऊ नोको." मी वहीत लिहिलं: कुसुमची पसंती, आहे. खाली रेघ मारली.

बैठक देऊळघाटला, साडूंच्याच ओसरीवर झाली. मी यादी लिहायला बसलो. तारखेला हरकत निघाली नाही. मांडव कोणाचा, पंगती किती, नवरदेवाचे कपडे, नवरीचे दागिने, असं एकेक कलम भराभर उरकत सोळाव्यापर्यंत आलो. सतराव्या कलमाला मी लिहिलं, "बँड", आणि दोन्हीकडे पाहिलं.

मुलाचे मामा सावरून बसले. मिशा झुपकेदार, आवाज दणदणीत. "त्याची फिकीर नोको. बँड घरचाच हाय. माहा सोताचा. भाच्याच्या लग्नात मामाचा मान."

साडूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मामांनीही निरखून पाहिलं. मग मामा म्हणाले, "काहो, मागच्या साली डोणगावच्या लग्नात, पिशवीत नारळ घेऊन उभे होते, ते तुमीच का?"

"हाव."

"अन् माह्या पोरायले म्हणाले, भांड्याच्या दुकानात मांजर शिरलं का?"

"मांजरं म्हणालो होतो. एका मांजराच्यानं तेवढा आवाज होत नाही."

ओसरी गार पडली. मुलाचे वडील माझ्याकडे पाहू लागले, जणू हे वाक्य मी लिहूनच घेतलं असणार. मी दौत सरळ केली. मग जे सुरू झालं ते दुपार कलली तरी संपेना. मामा म्हणाले, माझ्या बँडाशिवाय भाचा घोड्यावर बसणार नाही. साडू म्हणाले, नांदुऱ्याच्या बँडाशिवाय मांडवाचं पहिलं लाकूड रोवणार नाही. मी तोडगा काढला, की दोन्ही बँड असू द्यावेत, एक पुढं, एक मागं. साडू भडकले, "येका मांडवात दोन नवरदेव बसवसान का?" मुलाच्या वडिलांनी टोपी उचलली. ती डोक्यावर गेली असती तर स्थळही गेलं असतं.

तेवढ्यात कुसुम चहाचं ताट घेऊन दारात आली. आतून सगळं ऐकू येतच होतं. ताट तिनं घट्ट धरलं होतं. साडू अजून रंगातच होते. त्यांना तिच्याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार? त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तूच सांग कुसुम. नांदुऱ्याचा बँड पाह्यजे का नाही?"

कुसुमनं मामांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, "बाबा, बँड तर दोन तासच वाजते."

ताट ठेवून ती आत गेली.

साडू बसून राहिले. चहा गार झाला. मग ते म्हणाले, "लिहा साडभाऊ. बँड, वरपक्षाचा."

मामांचा आवाज एकदम खाली आला. "राग नोका धरू पाव्हणे. ढोलवाला नवा घेतला हाय यंदा."

"चांगलं केलं," साडू म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते नांदुऱ्याला गेले, मास्तरांना सगळं सांगून आले. इसार परत मागितला नाही. वांगी मात्र नेहमीसारखी देऊन आले.

लग्नाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. पाण्याला दोघं, पंगतीला सहा जण, आणि यादीच्या शेवटी मी एक कलम खासगीत लिहिलं होतं: साडूंना धरणे, दोघं. मला भीती एकच होती. भर रस्त्यात पहिला सूर चुकला की हा माणूस मुलीचा बाप आहे हे विसरणार आणि ढोलवाल्याच्या हातातून काठी काढून घेणार. त्यासाठी मी दोन दणकट भाचे त्यांच्या मागं उभे केले होते.

वरात आली. मामांचा बँड म्हणजे, खरं सांगतो, मलासुद्धा कळला. अकरा माणसं, पण अकरा जण अकरा घरचं काम करून आल्यासारखे वाजवत होते. क्लार्नेटवाला काठीसारखा बारीक. टोप्या सगळ्या दिशांना. नव्या ढोलवाल्यानं देवळाच्या वळणावर ठेका सोडला, तो वडाजवळ कसाबसा पकडला आणि मांडवाच्या दारात पुन्हा सोडला. मी भाच्यांना डोळ्यांनी खुणावलं. ते अर्धं पाऊल पुढं सरकले.

साडू मांडवाच्या दारात पाण्याचा तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन उभे होते. त्यांचा एक केस हलला नाही. त्यांनी नवरदेवाचे पाय धुतले, टिळा लावला, मामांनाही टिळा लावला. बँड तीन हातांवर होता. झांजा तर कानातच वाजत होत्या. साडूंनी तिकडे मान वळवली नाही. पिशवी त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हतीच.

ऊन उतरताना कुसुम गेली. मोटार वळणाआड गेली, धूळ खाली बसली, बायका डोळे पुसत आत गेल्या. मी उसनी आणलेली भांडी मोजायला मागच्या अंगणात गेलो, तर साडू एका पालथ्या घातलेल्या मोठ्या पातेल्यावर बसलेले. मी शेजारी वही घेऊन बसलो.

"साडभाऊ," ते म्हणाले, "बँड कसा वाजला हो?"

मला वाटलं, आता सुरू होणार. "तुम्ही तर दारातच होते. तीन हातांवर."

"होतो. पण मले काहीच आयकू आलं नाही. पोरगी तेवढी दिसून राह्यली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी आयकला असन. सांगा ना."

मी वही उघडली. तिथं लिहिलं होतं: बँड, माणसं अकरा, चहा दोनदा, पान-सुपारी पोचली. मी वही मिटली.

"चांगला वाजला," मी म्हणालो.

"क्लार्नेट? देवळाजवळ सूर वर चढला का?"

देवळाजवळ सूर वर चढायचा असतो हे मला तेव्हा कळलं. "चढला."

"अन् उतरताना तुटला नाही?"

"नाही. सावकाश उतरला."

त्यांनी डोळे मिटले. "अन् ढोल?"

"ढोल एकदम बरोबर," मी म्हणालो. "वळणावर तर घोडा थांबून ऐकत होता."

"असं!" ते म्हणाले आणि पातेल्यावर त्यांची बोटं हलू लागली, अगदी हलकी, आवाज होणार नाही इतकी. "मंग सुरुवातीपासून सांगा. वेशीतून निंगाले तवा काय वाजवत होते?"

मी भांडी मोजायची ठेवली आणि वेशीपासून सांगायला लागलो.