कौल न मिळालेली दुपार

संयुक्त महाराष्ट्रासाठी मी पत्रके लिहीत असे, त्या दिवसांत देव ही गोष्ट माझ्या लेखी संपलेली होती. लालबागच्या आमच्या चाळीत वडिलांनी जमवलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. जे अडले आहे ते नेमक्या शब्दांनी आणि मोठ्या आवाजाने सुटते, अशी माझी खात्री होती. घरात मात्र ती रोज खोटी पडे. माझी धाकटी बहीण नलू सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती, कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती. बहिरी म्हणावी, तर गुळाच्या डब्याचे झाकण उघडताच गॅलरीतून धावत येई. दिवसभर चिंचोक्यांची सरळ रांग लावत बसे आणि एखादा चिंचोका कुणी हलवला, तर भिंतीवर डोके आपटून किंचाळे.

ती किंचाळली की सारी चाळ धावे. कुणीतरी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवी आणि ती गप्प होई. किंचाळले की गूळ मिळतो, एवढेच तिला आम्ही शिकवत होतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हते. मी तर तिला समोर बसवून 'पाणी' हा शब्द घोषणेसारखा वीस-वीस वेळा ओरडून सांगे. ती कान झाकून घेई. शेजारच्या गोदामावशी म्हणत, "चौकात एवढी भाषणं ठोकतेस गो, घरातल्या पोरीकडनं एक शब्द काढून दाखव की." 

बाबा गिरणीत साचेखात्यात, कापड विणण्याच्या मागांवर होते. नलूला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. "माझ्या मागे हिला कोण बघणार?" एवढेच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आईने एकच मागणे मागितले : आधी देवीचा कौल घेऊ.

गल्लीच्या टोकाला, गिरणीच्या भिंतीला टेकून, आमच्या कोकणातल्या माणसांनी मांडलेला देवीचा पाषाण आहे. गुरव त्याच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि सवाल घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गिरणीच्या धडधडीने भिंत थरथरते, म्हणून कळी पडते, असे मी आईला कितीदा सांगितले होते. पण आम्ही गेलो त्या दुपारी हरताळ होता. गिरणी बंद होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. इतकी शांतता मी गिरणगावात कधी ऐकली नव्हती. आपल्याच कानांतले रक्त वाहताना ऐकू येत होते.

"पोरीला घरातच ठेवायची काय, बाये? सांग," असे देवीला विचारून गुरव मागे सरला. आम्ही बसलो. कळ्या हलल्या नाहीत. अर्धा तास गेला असेल. नलू, जी क्षणभर एका जागी बसत नसे, ती पाषाणाकडे टक लावून बसली होती. मला ते सहन होईना. एका पोरीचे आयुष्य दोन कळ्यांवर टांगले आहे, याचा संताप येऊन मी पुढे झाले. फुंकर मारून उजवी कळी पाडायची आणि हा खेळ संपवायचा, एवढेच मनात होते.

कुणीतरी माझे मनगट धरले. हात गार आणि ओला होता. मागे एक उंच कोळीण उभी होती, हिरवे लुगडे, पायाशी मासळीची रिकामी पाटी. तिच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. ती कधी आली, ते कुणालाच कळले नव्हते. तिने आईच्या ताटातून गुळाचा खडा घेतला, नलूसमोर बसली आणि खडा स्वतःच्या डोळ्याजवळ धरला. "तिची नजर येऊ दे, मग हात उघड. आधी नाही, नंतरही नाही. किंचाळली तर देऊ नको, पण जवळून उठूही नको. नजर आली, की मग आवाजाची वाट बघ. कसलाही आवाज चालेल." नलू किंचाळली. कोळीण हलली नाही. पुष्कळ वेळाने नलूने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत पाहिले. त्याच क्षणी खडा नलूच्या हातावर होता. पुन्हा. पुन्हा. 

आम्ही भानावर आलो तेव्हा पाटी नव्हती आणि कोळीणही नव्हती. कळ्या जागच्या जागी होत्या. "देवी थांबा म्हणते," गुरव म्हणाला. बाबांनी एक महिना दिला.

तो महिना मी एकही पत्रक लिहिले नाही. रोज गुळाचे बारीक खडे करून नलूपुढे बसे. चाळीला आईने हात जोडून सांगितले, ती किंचाळली तरी कुणी काही देऊ नका. लोकांनी आम्हाला कसाई म्हटले. दहाव्या दिवशी नलूने माझ्याकडे पाहिले. पण कधी कधी तिची नजर माझ्या डोळ्यांवर न थांबता खांद्यावरून मागे जाई आणि तिथे स्थिरावे, जणू कुणाच्या डोळ्यांत. अशा वेळी खोलीत खाऱ्या पाण्याचा वास येई. मी वळू लागले, की आई हळूच म्हणे, "मागे बघू नको गो. तू खडा धर."

महिना भरायला दोन दिवस उरले असताना नलू माझ्या मुठीकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाली, "दे." दाराशी जेवणाचा डबा घेऊन उभे असलेले बाबा तसेच खाली बसले. इस्पितळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नारळ घेऊन आम्ही त्या बाईला शोधायला निघालो. मासळीबाजारात अंगठ्याची खूण सांगितली, तेव्हा शीव कोळीवाड्याचे नाव मिळाले. ती दारात जाळे विणत बसली होती. नलू सरळ तिच्याजवळ जाऊन बसली. आतून बाहेर आलेल्या तिच्या सुनेला मी म्हटले, "तुमच्या सासूबाईंनी जे सांगितलं, ते आम्ही जसंच्या तसं केलं."

सून हसू लागली. "सांगितलं? आमची म्हातारी जन्माची मुकी आहे, ताई. बोलणारी सासू असती, तर मी इतकी वर्षं सुखानं नांदले असते होय?"

आई पुटपुटली, "माझ्याशी तर आपल्या मालवणीत बोलली ती. तिची नजर येवंदे, मगे हात उघड, म्हणाली." मी ती वाक्ये पुस्तकी मराठीत ऐकली होती. तो आवाज आठवून पाहिला. शब्द सगळे आठवले, आवाज आठवेना. म्हातारीला खुणांनी विचारले. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही, ती नलूकडे बघत राहिली.

त्यावर मी वाद घालत नाही. पत्रके मी अजून लिहिते, चौकात बोलतेही. पण नलूसमोर बसले, की माझी सारी भाषा खाली ठेवते. तिला आता नऊ शब्द येतात. दहावा केव्हा येईल, हे माझ्या हाती नाही. त्याच्यासाठी रोज तिथे बसणे तेवढे माझ्या हाती दिले गेले. ज्याने कुणी दिले, त्याची मी ऋणी आहे.