वकीलकाकांचा एक तास

फ्रीमाँटमधले आमचे शेजारी वकीलकाका जवळजवळ प्रत्येक वाक्य 'टेक्निकली'ने सुरू करतात. "टेक्निकली लिंबाचं झाड माझं आहे, पण फांदी तुझ्याकडे आलीय. घेऊन टाक लिंबं."

वकिली चालू ठेवायची तर इथे अमेरिकेत दर काही वर्षांनी ठरावीक तास शिकावं लागतं. काका ते तास शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलतात आणि मग फोन शर्टाच्या खिशात ठेवून, व्याख्यान ऐकत गराज झाडतात. ऐकणारा जागा आहे ना, हे तपासायला व्याख्यानात मध्येच एक कोड सांगतात. तो शेवटी भरला, तरच तास धरला जातो.

त्या रविवारी मुदतीचा शेवटचा दिवस होता. विषय होता वकिलाची सचोटी. मी माझा ग्रीन कार्डाचा फॉर्म घेऊन गेलो होतो. त्यात गेल्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या लिहायच्या होत्या आणि मध्ये एक महिना मला नोकरी नव्हती. तो कुठेतरी दडवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. आधी लिंबांच्या गप्पा निघाल्या आणि त्या नादात काकांचा कोड हुकला.

"काका, मी ऐकलाय. सांगू?"

त्यांनी झाडू टाकून दोन्ही कान झाकले. "अजिबात नको! टेक्निकली हा तास तुझा झाला, माझा नाही."

आतून काकू ओरडल्या, "अहो, जेवण गार होतंय!" काकांनी व्याख्यान पहिल्यापासून लावलं आणि झाडलेलं गराज पुन्हा झाडायला घेतलं.

मी काही न विचारता घरी आलो आणि त्या महिन्यापुढे 'अनएम्प्लॉइड' लिहिलं.